अभिनंदनाचा फोन

रामदासांनी बॉक्सची सुतळी सोडली आणि पेढे टेबलावर पुढे सरकवले. कॉलेजच्या ॲडमिशन ऑफिसातल्या रणजितसाहेबांनी कॉम्प्युटरवरची नजर न काढता दोन उचलले, त्यातला एक तोंडात टाकला.

"याची काय गरज होती काका? बाकी सीट कन्फर्म समजा. फक्त ओरिजिनल्स द्या, लगेच ब्लॉक करतो."

ओरिजिनल्स म्हणजे उत्कर्षाची बारावीची गुणपत्रिका, कॉलेज सोडल्याचा दाखला आणि जातीचं प्रमाणपत्र. ती फाइल रामदासांनी बिबवेवाडीपासून खराडीपर्यंत बस बदलत, छातीशी धरून आणली होती आणि इथे आल्यावर लेकीच्या मांडीवर ठेवली होती. उत्कर्षा पाठ ताठ करून बसली होती. खिडकीतून समोरच्या आयटी कंपनीची काचेची इमारत दिसत होती. आपली जागा कुठल्या मजल्यावर असेल ते आत्ताच ठरवून टाकावं, तशी पोरगी तिकडे बघत होती.

फोन परवा आला होता. अभिनंदन सर, आपल्या मुलीची आमच्या इंजिनिअरिंग कॉलेजात कॉम्प्युटरला थेट निवड झाली आहे. बाईचा आवाज इतका गोड, की उत्कर्षाच्या आईने, शैलाताईंनी, बातमी कळताच डोळ्यांना पदर लावला. बाबासाहेबांच्या तसबिरीपुढे पेढा ठेवला गेला, मग गल्लीभर वाटले गेले. सीईटीत उत्कर्षाला मार्क बेताचेच होते. सरकारी फेरीत कॉम्प्युटर मिळेल की नाही, कुणी सांगावं? इथे तर घरी फोन करून देत होते.

रामदासांना टोचत होतं ते नेमकं हेच. ते महापालिकेत जन्म-मृत्यू नोंदणीला कारकून. उभी नोकरी खिडकीमागे गेली. त्या खिडकीवरून आजवर कुणालाही 'तुमचा दाखला तयार आहे, या घेऊन' असा फोन गेलेला नव्हता. लोक रांगेत उभे राहत, नंबर आला की सुटे पैसे नाहीत म्हणून बोलणी खात, आणि दाखला घेऊन जात. रामदासांच्या स्वतःच्या आयुष्यातही रॉकेलपासून नोकरीपर्यंत जे काही आलं ते रांगेतूनच आलं होतं. आपल्याला काही द्यायला कुणी आपला नंबर शोधत आलं, याचा त्यांनाही आनंद झाला होता, नाही असं नाही. पण पहिल्याच घासाला दाताखाली खडा यावा, तसं काहीतरी झालं होतं खरं.

त्यात आज सरकारी फेरीच्या अर्जाचा शेवटचा दिवस. तिथे हेच मूळ कागद तपासायला दाखवावे लागत. ते इथे दिले की तिथलं दार बंद. राखीव जागा गेली, फीची सवलतही गेली. कागद परत कधी मिळतील, असं रामदासांनी आडून विचारून पाहिलं. साहेब हसले आणि म्हणाले, ॲडमिशन झाल्यावर कागदांचं काम काय?

मग रामदासांनी फोन करणाऱ्या बाईंची चौकशी केली. त्यांना आपल्या हातानं पेढा द्यायचा होता. पलीकडे ओळीने बसलेल्या मुलींपैकी एकीला साहेबांनी हाक मारली. कानांवरचा हेडफोन उतरवून ती आली. शर्मिला, असेल पंचविशीची. आवाज तोच होता, पण चेहरा त्या आवाजाहून पुष्कळ दमलेला होता.

"घ्या बाई," रामदासांनी बॉक्स पुढे केला. "तुमच्यामुळे आमच्या घरात गोड बातमी आली."

शर्मिलाने पेढ्यांकडे पाहिलं, मग उत्कर्षाकडे, मग तिच्या मांडीवरच्या फाइलकडे.

"नको. उपवास आहे माझा."

साहेब आपल्या कामात होते. उत्कर्षाने मात्र चमकून वडिलांकडे पाहिलं. उपवासाला पेढा चालतो, हे पुण्यात शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. रामदासांच्या घरात उपवास नव्हते, पण शेजारच्या हिराकाकूंच्या उपवासाचे पेढे खातच उत्कर्षा मोठी झाली होती. आणि खायचा नसला तरी माणूस हातात घेतो, मागाहून खाईन म्हणतो. गोड बातमीचा पेढा कुणी असा तोंडावर नाकारत नाही.

रामदासांना वाईट वाटलं. बॉक्स धरलेला हात तसाच राहिला. मग काहीतरी बोलायचं म्हणून, खिडकीमागच्या सवयीनेच, त्यांनी विचारलं,

"आपलं शिक्षण?"

"बी. ई. कॉम्प्युटर."

"कुठून?"

"ह्याच कॉलेजातून. मलाही असाच फोन आला होता."

"वा. आणि मग नोकरी?"

"हीच."

रणजितसाहेबांनी आता कौतुकाने मान वर केली.

"बघा काका. रिझल्ट लागला आणि दुसऱ्या आठवड्यात प्लेसमेंट. आमच्याकडे कुणी घरी बसत नाही."

 शर्मिला जागेवर गेली, हेडफोन चढवला, आणि थोड्या वेळाने पलीकडून तोच आवाज आला, तितकाच गोड. अभिनंदन सर.

रामदासांनी लेकीच्या मांडीवरची फाइल उचलली.

"झेरॉक्स काढून आणतो साहेब. मूळ कागद द्यायचे, तर घरात प्रत हवी."

खालीच दुकान आहे, पण लवकर या, सीट भराभर चालल्यात, असं साहेबांनी बजावलं. लिफ्टची वाट न बघता रामदास जिना उतरले, झेरॉक्सच्या दुकानावरून तसेच पुढे गेले.

"बाबा, झेरॉक्स इथे आहे."

"सगळ्या झेरॉक्स फाइलमध्येच आहेत," म्हणत त्यांनी रिक्षाला हात केला. रिक्षा करणं हे रामदासांच्या स्वभावात नव्हतं. अर्ज घेणारी खिडकी पाचला बंद होते, हे त्यांनी रिक्षावाल्याला बसता बसताच सांगून टाकलं.

उत्कर्षाला सगळं कळलं होतं. तरी काचेची इमारत मागे पडेपर्यंत ती मान वळवून बघत राहिली. तिचे डोळे भरले होते.

"तिकडे कॉम्प्युटर नाही मिळालं तर?"

 रामदासांनाही भीती वाटत होती. उद्या हीच पोर म्हणेल, बापाने हातातलं घालवलं. 

"तर जे मिळेल ते घेऊ," ते म्हणाले. "पण तिथे आपल्याला कुणी बोलावलेलं नाही, एवढं नक्की."

रिक्षा सिग्नलला थांबली. उत्कर्षाने ओढणीने चेहरा पुसला आणि फाइल वडिलांच्या हातून आपल्याकडे घेतली. मग तिच्या लक्षात आलं.

"बाबा, पेढे वरच राहिले."

"राहू दे," रामदास म्हणाले. "त्या बाईंचा उपवास सुटेल कधीतरी."