म्हातारीला चार माणसं लागतात

रविवारी दुपारी चष्मेवाल्याच्या दुकानाचं शटर खाली असायचं आणि मागच्या खोलीत युद्ध चालू असायचं. काचा घासायच्या टेबलावर चादर टाकून त्यावर फ्रेमच्या रिकाम्या खोक्यांचा किल्ला उभा केलेला होता. चष्म्यांचे बारीक स्क्रू म्हणजे राक्षसांची फौज. किल्ल्याच्या दरवाज्यावर एका काडीची मोडकी फ्रेम ठेवलेली होती, ते दगड फेकणारं यंत्र. ते करकरायचं, जागचं हलायचं नाही आणि वेळेवर कधी उपयोगी पडायचं नाही, म्हणून सगळे त्याला म्हातारी म्हणत.

खेळ साधा होता. प्रत्येकाचं एक पात्र. पाळी आली की आपलं पात्र काय करतं ते बोलायचं, आणि ते जमलं की फसलं हे वीस बाजूंचा फासा ठरवणार. चष्मेवाला एका डोळ्याचा तिरंदाज होता, दातांच्या डॉक्टरीणबाई चोर होत्या आणि शाळेत विज्ञान शिकवणारे मास्तर जादूगार. वहिनी किल्ल्याची पहारेकरीण. उरलेलं सगळं जग, म्हणजे राक्षस, वादळं, खानावळवाले आणि नशीब, वहिनीचा दीर चालवायचा. पुठ्ठ्याच्या आडोशामागे बसून तो शत्रूचे फासे टाकायचा आणि आकडा तेवढा सांगायचा. तो आडोसा वहिनीनेच बांधून दिलेला. ती छापखान्यात बायंडिंग करायची, त्यामुळे कापडी बिजागऱ्या अशा बसवल्या होत्या की वर्षानुवर्षं हलू नयेत.

वहिनी हे नाव तिला इथे दिरामुळे पडलं, कारण तिला या खोलीत आणलं त्यानेच. नवरा एकदाही आला नाही. त्याच्या लेखी हा पोरखेळ. गेल्या महिन्यात घटस्फोटाच्या कागदांवर सह्या झाल्या. नातं गेलं, हाक राहिली आणि रविवार राहिला. आठवडाभर एकटीपुरता चहा टाकणाऱ्या बाईला रविवार किती लागतो, हे भरल्या घरातल्या माणसाला सांगून कळायचं नाही.

पण सह्या झाल्यापासून राक्षसांना काय झालं होतं कोण जाणे. बाण सुटला की वहिनीकडेच. विहिरीत विष पडलं तर पहिला पेला वहिनीचाच. आधी तिला वाटलं, आपले ग्रह फिरलेत. आज मात्र दिराने सांगितलं की किल्ल्याखाली भुयार सापडलंय, बाकीच्या तिघांना त्यातून निसटता येईल, पहारेकरणीला मात्र दरवाजा सोडता येणार नाही, तिने तशी शपथ घेतलीय. हे सांगताना तो मान खाली घालून उगाच कागद सारखे करत होता. तेव्हा तिच्या डोक्यात प्रकाश पडला.

या टेबलाचा एक नियम होता. ज्याचं पात्र मेलं त्याने खुर्ची सोडायची, आणि नवी गोष्ट सुरू होताना जग चालवणाऱ्याने बोलावलं की परत यायचं. बोलावलं तर. दिराला तिला घालवायचं होतं आणि तसं सांगायची छाती नव्हती, म्हणून ते काम त्याने राक्षसांवर सोपवलं होतं. दीर वाईट नव्हता, भित्रा होता. भित्र्या माणसाचं हे असंच असतं. दुसऱ्याच्या खांद्यावर बंदूक ठेवून गोळी झाडतो आणि वर आपणच तोंड पाडून बसतो.

वहिनीला राग आला, आणि राग आल्यावर तिला बरं वाटलं.

तिघं भुयारात शिरले. मास्तरांच्या पाठीवर खजिन्याचं पोतं होतं, अख्ख्या गोष्टीची कमाई. वहिनीची पाळी आली.

"मी म्हातारीचा दोर ओढते," ती म्हणाली.

दिराने समजावलं की त्याचा काही उपयोग नाही. म्हातारीची चार कामं: दोर ओढायचा, दगड भरायचा, नेम धरायचा, खिट्टी सोडायची. एका पाळीत एका माणसाला एकच काम. एकटीला चार पाळ्या लागतील आणि तोवर दरवाजा फुटलेला असेल. त्यापेक्षा तलवार घेऊन शौर्याने मरावं, तो वर्णन छान करेल.

वहिनी म्हणाली, वर्णन नको, दोर ओढते. मास्तरांनीही चष्मा पुसत सुचवलं की चार जणांचं काम एकीला व्हायचं नाही, हे साधं गणित आहे. गणित बरोबरच होतं. वहिनी त्यांच्याशी वाद घालत बसली नाही. तिने दिराकडे बघितलं.

"भाऊजी, मला उठवायचं असेल तर तोंडाने सांगा. राक्षसांच्या आडून नको."

दीर आडोशामागे इतका खाली गेला की नुसता भांग दिसत होता.

डॉक्टरीणबाईंना उमजायला वेळ लागला नाही. कुठला दात दुखतोय हे माणूस तोंड उघडायच्या आधी ओळखणं हा त्यांचा धंदाच. त्यांनी आपली सोंगटी भुयारातून उचलून म्हातारीशेजारी आणून ठेवली.

"मी मागे फिरले. दगड भरते," त्या म्हणाल्या आणि मास्तरांकडे वळल्या. "म्हातारी मेल्याचं दुःख नाही मास्तर, काळ सोकावतो. आज ही, उद्या आपण."

चष्मेवाल्याने नेम आपल्याकडे घेतला. एका डोळ्याच्या माणसाला दुसरा मिटायचे कष्ट नाहीत, म्हणाला. उरले मास्तर. ते पोत्यासकट केव्हाच पलीकडच्या उजेडात पोचले होते. पोतं घेऊन परत येता येणार नाही, असं दिराने घाईघाईने जाहीर केलं. मास्तरांनी सुस्कारा सोडला, पोतं टाकलं, हा शुद्ध गाढवपणा आहे असं पुटपुटत माघारी आले आणि खिट्टी सोडली. फासा त्यांनी वहिनीच्या हातात दिला.

पंधराच्या वर हवे होते. चार पडले. दगड खंदकात गेला. एखादा बेडूक मेला असेल तर तेवढंच, चष्मेवाला म्हणाला. सगळे हसले. मास्तर सोडून.

आता राक्षसांची पाळी. दिराने फासा मुठीत घेतला. वहिनीने हात लांब करून आडोशाच्या मधल्या घडीवर बोट टेकवलं. तो कुठे दाबला की मिटतो, हे तिला नाही तर कोणाला माहीत असणार. पुठ्ठा गुपचूप आडवा झाला. मागे दीर बसला होता, कान लाल झालेले.

"आई म्हणते..." तो थांबला आणि मग बाकीचं एका दमात बोलून गेला. "आई म्हणते, तुम्ही आता आमच्या कोणी नाही. मी तुमच्यासोबत बसतो ते दादाला लागतं. घरी रोज हेच चाललंय, वहिनी."

हे कधीतरी ऐकावं लागेल म्हणून ती महिनाभर धास्तावली होती. आता ऐकून झालं, आणि खुर्ची होती तिथेच होती.

"आईंचं बरोबर आहे," ती म्हणाली. "तुमच्या घरची मी कोणी नाही. या टेबलाची आहे. घरी त्रास होत असेल तर तुम्ही उठा, भाऊजी. मी उठणार नाही. पात्र मेलं तरी उठणार नाही."

दिराने चष्मेवाल्याकडे बघितलं, तो तरी नियमाची आठवण करून देईल म्हणून. चष्मेवाल्याने सांगितलं की नियम गोष्टीतला असेल, खुर्ची त्याच्या दुकानातली आहे, आणि तिच्यावर कोणी बसायचं हे राक्षसांना विचारायची त्याला गरज वाटत नाही.

दीर फासा बोटांत फिरवत राहिला. उठला मात्र नाही. रविवारी त्याला तरी दुसरीकडे कुठे जायचं होतं. मग त्याने टेबलाच्या मधोमध, सगळ्यांच्या देखत फासा टाकला. इतक्या वर्षांत असं पहिल्यांदाच घडत होतं. एकोणीस पडले.

"दरवाजा फुटला," तो म्हणाला. यात शंका घ्यायला कोणालाच जागा नव्हती.

"किती आत आले?" वहिनीने विचारलं.

त्याने स्क्रूंची डबी किल्ल्यात उपडी केली. घरंगळत घरंगळत ते म्हातारीच्या पायाशी येऊन थांबले.

"सगळे," तो म्हणाला.

वहिनीने खुर्ची टेबलाजवळ ओढून घेतली.

"मग आता नेम धरायला नको. भरा दगड."