राक्षसाची साक्ष

बाबांनी एकतीस वर्षं लिफ्ट दुरुस्त केल्या. दोन मजल्यांच्या मधोमध अडकलेली माणसं, कपाटं, एकदा तर अख्खा पियानो आणि त्याच्यामागे चेपलेला पियानोवाला, हे सगळं पाहून निवृत्त झालेल्या माणसाला सहसा कशाचं नवल वाटत नाही. पण त्या शनिवारी सकाळी त्यांनी लेकीच्या खोलीचं दार उघडलं आणि ते उंबऱ्यातच थबकले.

कपाटापासून खिडकीपर्यंत पंख पसरले होते.

चिऊ, म्हणजे त्यांची लेक, दातांच्या कवळ्या बनवणाऱ्या प्रयोगशाळेत कामाला होती. दिवसभर मेणाचे जबडे घडवायचे आणि सुट्टीच्या दिवशी चित्रकथेतल्या एखाद्या पात्राचा वेष. तो वेष घालून ती चाहत्यांच्या मेळाव्याला जायची. या उद्योगाला कॉस्प्ले म्हणतात, एवढं बाबांना ऐकून माहीत होतं. यंदा ती मिठाच्या राज्याची पंखवाली राणी होणार होती. दवाखान्यातून फेकून दिलेल्या जुन्या एक्स-रेंच्या फिल्म तिने मागून आणल्या, त्यांवरची नावं कापून टाकली आणि सहाशेबारा पिसं कातरली. खिडकीतलं ऊन त्यांतून येत होतं, आणि पिसापिसात कुणाचा तरी जबडा, कुणाची तरी बरगडी निळसर उजळली होती.

बाबांनी सवयीने आधी दोऱ्या तपासल्या. पडद्यांच्या दुकानातल्या चार कप्प्या, मासेमारीचा दोर, कमरेशी एक कडी. त्यांनी कडी एका बोटाने ओढली. अकरा फुटांचे पंख कुरकुर न करता मिटले, पुन्हा ओढल्यावर उघडले. खोट काढायला जागाच नव्हती. दुसऱ्याच्या कामात त्यांना खोट सापडली नाही, असं आयुष्यात पहिल्यांदाच घडत होतं.

त्यांना सोबत जावं लागणार होतं. राणीचा अंगरक्षक एक मुका राक्षस असतो. तो होणार होती चिऊची मैत्रीण, पण तिचा पाय प्लास्टरमध्ये गेला. एवढ्या उंचीचं माणूस आयत्या वेळी आणायचं कुठून, म्हणून चिऊ डोकं धरून बसली होती, तेव्हा आईने शिवणाच्या टेपने बाबांना मापलं आणि म्हणाली, "घरातच आहे की राक्षस."

राक्षसाचं धड स्पंजचं होतं. हात उशीएवढे, बोटं न वाकणारी. डोक्यात दात खऱ्या कवळ्यांच्या साच्यातून काढलेले, आणि उघड्या तोंडात काळी जाळी. बाबांना त्या जाळीतूनच बघायचं होतं. नियम एकच होता, राक्षसाने बोलायचं नाही.

मेळाव्याचं सभागृह विमानाच्या हँगरएवढं होतं. जाळीतून बाबांना ते तुकड्यातुकड्याने दिसत गेलं. पत्र्याचं चिलखत घातलेली बाई पाणी पीत होती. चाकांच्या फळीवर बसलेली एक मत्स्यकन्या शेपूट सावरत चालली होती. कुणाच्या टोपीवर चालतं घड्याळ होतं, कुणाच्या पाठीवर जंगल. बाबा मनातल्या मनात शिवणी, खिळे, बिजागऱ्या मोजत राहिले. कुणीही हे पोटासाठी केलेलं नव्हतं. इतकी माणसं निव्वळ हौसेने इतकं बारीक काम करतात, याचा त्यांना पत्ताच नव्हता.

आणि चिऊ चालली की लोक वाट करून देत. फोटो हवा असेल तर विचारत. ती मान हलवायची, कडी ओढायची, आणि उघडणाऱ्या पंखांबरोबर समोरच्यांची तोंडंही उघडायची.

दुपारी एकच्या सुमारास तो माणूस आला. चाळिशीचा, राखाडी जाकीट, गळ्यात छायाचित्रकाराचा पास. त्याने दोन फोटो काढले. मग म्हणाला, जरा डावीकडे वळ. मग, अशी नाही, थांब, मी दाखवतो. तो जवळ आला आणि त्याने चिऊच्या कमरेला हात लावला. तिने तो बाजूला केला. तो हसला, पंख बघण्याच्या निमित्ताने मागे गेला, आणि पंखाच्या आडोशाने त्याने हात खाली नेला.

आडोसा लोकांपुरता होता. राक्षस मागेच उभा होता.

बाबांच्या डोक्यात तिडीक गेली. त्यांनी हात उचलला. उशीएवढ्या त्या हाताने काहीही झालं नसतं, पण तो उचलला गेला. तेवढ्यात चिऊ न वळता हळूच म्हणाली, "बाबा, थांबा."

मग ती त्या माणसाकडे वळली. आवाज चढवला नाही, पण कवळीत दात बसवावा तसा एकेक शब्द नीट ठेवत म्हणाली, "हात काढा. तुम्ही मला विचारलेलं नाही."

आजूबाजूची माणसं थांबली. त्या माणसाने हात काढला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, की असं नटूनथटून यायचं आणि मग कांगावा करायचा. कुणीतरी हसलं. तो गर्दीत मिसळून गेला.

चिऊ थेट चौकशीच्या टेबलाकडे निघाली. पाठोपाठ राक्षस. तिथे मेळाव्याची व्यवस्थापक होती, कानाला फोन, हातात वॉकीटॉकी, समोर थंड झालेला चहा. तिने ऐकून घेतलं, पण अर्ध्या लक्षाने. गर्दीत धक्का लागतो, म्हणाली. लेखी द्या, सोमवारी बघू. शिवाय कुणी पाहिलं का? साक्षीदाराशिवाय पासवाल्या माणसाला बाहेर काढलं तर उद्या तोच आमच्यावर उलटेल.

"मग मी इथेच थांबते," चिऊ म्हणाली, आणि तिने कडी ओढली.

पंख उघडले. टेबल प्रवेशद्वाराला लागून होतं. अकरा फुटांत अख्खं दार बंद झालं. आत येणारे बाहेर थांबले, बाहेर जाणारे आत. जाळीतून बाबांना तिची मान दिसत होती, ताठ, आणि मानेवर घामाची एक धार. तिच्या कमरेची कडी किंचित थरथरत होती. म्हणजे ती घाबरलेली होती, हे त्यांना तेव्हा कळलं. घाबरलेली असूनही ती उभी होती.

त्यांनी कोपराने तिला हळूच ढोसलं आणि नियम मोडला. "डोकं काढ माझं."

तिने दोन्ही हातांनी राक्षसाचं डोकं उचललं. आतून टक्कल पडलेला, घामाने निथळणारा, चष्म्यावर वाफ धरलेला एक म्हातारा बाहेर आला. व्यवस्थापकबाईंनी फोन खाली ठेवला.

बाबांनी आयुष्यभर अपघातांचे अहवाल दिले होते. ते तसंच बोलले. "एक वाजून दहा मिनिटं. तिसऱ्या खांबाजवळ. राखाडी जाकीट, पास छायाचित्रकाराचा, नंबर शेवटी सत्तेचाळीस. आधी उजवा हात कमरेला लावला, तिने तो बाजूला केला. मग मागून डावा हात, कमरेच्या खाली. मी दोन हातांच्या अंतरावर होतो. मी हिचा बाप आहे, पण बाप नसतो तरी हेच सांगितलं असतं."

मग गर्दीच्या मागून चाकांचा आवाज आला. मत्स्यकन्या फळीवरून पुढे आली. सकाळी त्याच माणसाने शेपूट उचलायला मदत करतो म्हणून तिच्यावर हात टाकला होता. ती म्हणाली, मला वाटलं कोण विश्वास ठेवणार, मी तर पळूही शकत नव्हते. पत्र्याच्या चिलखतातली बाई पुढे झाली. तिचा प्रकार गेल्या वर्षीचा होता, माणूस हाच. आणखी दोघीजणी आल्या. सगळ्या चिऊच्या पंखांलगत उभ्या राहिल्या, कुणी बोलावलेलं नसताना.

बाईंनी वॉकीटॉकी उचलला. दहा मिनिटांत त्या माणसाला रखवालदारांनी आणलं. पास काढून घेतला गेला, पोलिसांना बोलावलं, पाचजणींनी जबाब दिले. बाईंनी चिऊची माफी मागितली, आडपडदा न ठेवता. मी आधीच ऐकायला हवं होतं, म्हणाल्या. मग स्वतः माईकवर जाऊन सांगितलं, की विचारल्याशिवाय कुणाला हात लावायचा नाही, फोटोही काढायचा नाही, आणि तक्रार आली तर ती त्याच क्षणी ऐकली जाईल.

वेष बदलायच्या खोलीत बाबा बाकावर बसले होते. त्यांनी विचारलं, दरवेळी असं होतं का?

"दरवेळी नाही. पण दरवेळी मी तयारीत असते."

"मग येतेस कशाला, बाळा?"

चिऊ एक निखळलेलं पीस चिकटवत होती. "वर्षभर एवढं केलेलं असतं. कुठेतरी ते उघडायला नको का?"

बाबांना विचारायचं होतं, घरी कधी सांगितलं का नाहीस. पण उत्तर त्यांना ठाऊक होतं. सांगितलं असतं तर ते म्हणाले असते, जाऊ नकोस. ते उठले आणि गोंद सुकेपर्यंत ते पीस दाबून धरून उभे राहिले.

चार वाजता स्पर्धा होती. चिऊचं नाव पुकारलं गेलं. राक्षस तिच्या मागे चालत मंचावर आला आणि शिकवल्याप्रमाणे एका गुडघ्यावर बसला. दिवे मंद झाले. एकच दिवा मागून लागला.

तिने पंख उघडले.

सकाळच्या उन्हात जे दिसलं होतं ते काहीच नव्हतं. सहाशेबारा पिसं एकदम पेटली. जबडे, दाढा, मणके, बोटांची हाडं, कुठल्या कुठल्या अनोळखी माणसांची आतली बाजू निळ्यापांढऱ्या उजेडात छतापर्यंत गेली, आणि त्या सगळ्याच्या मधोमध त्यांची लेक उभी होती. सभागृहातल्या हजारो माना वर वळल्या. जाळीच्या आत बाबांचा चष्मा पुन्हा धुरकटला, आणि या वेळी ते उकाड्यामुळे नव्हतं.

तिला तिसरा क्रमांक मिळाला. चिऊ खूश होती. बाबा मात्र राक्षसाचं डोकं मांडीवर घेऊन घरी पोहोचेपर्यंत धुसफुसत राहिले, आणि दार उघडणाऱ्या आईला त्यांनी पहिलंच वाक्य ऐकवलं, की परीक्षकांना कप्प्यांमधलं ओ की ठो कळत नाही.