हिल्याची झोप

दोरीवर एवढासा मोजा वाळत होता, पांढरा, टाचेपाशी निळी वीण असलेला, त्याच्या शेजारी दुसरा, आणि पुढे दुपट्यांची अख्खी रांग... खिडकीतून ते बघताना इर्याला आधी कळलंच नाही की आपल्याला राग कशाचा येतोय. मोजे उल्रिकाचे होते, तिच्या तान्ह्या लेकीचे. काल बोटीतून, मग आगगाडीतून, मग वेइक्कोच्या खडखडत्या मोटारीतून इथवर आलेले, दुधाचा आंबूस वास मारणारे मोजे तिने रात्री पिशवीच्या तळाशी कोंबले होते. म्हणजे पहाटे कुणीतरी ती पिशवी उघडली, न विचारता, आणि सगळं तळ्यावर नेऊन धुतलं, पिळलं, झटकून वाळत घातलं. कुणीतरी म्हणजे कोण ते उघड होतं.

जन्म देणाऱ्या ह्या बाईला काय म्हणायचं, हे इर्याने अजून ठरवलं नव्हतं. स्वीडनमध्ये, स्मोलांडच्या पिवळ्या घरात जिने तिला वाढवलं ती एब्बा तिची मम्मा. तो शब्द तिथे कायमचा देऊन झाला होता. मग ही कोण? मनातल्या मनात ती हिल्या म्हणायची, शेजारीण असावी तसं. हिल्याला स्वीडिशचा एक शब्द येत नव्हता आणि इर्याचं फिनिश... पाच वर्षांची होते तोवर मी दुसरं काही बोलतच नसणार, दिवसभर चिवचिवत असेन, मग ते सगळं गेलं कुठे?

बाळ पहाटे कुठे झोपलं होतं. सात महिन्यांत एक रात्र धड गेली नव्हती. स्टेलान, तिचा नवरा, गाढ घोरत होता – त्याचंही चुकत नव्हतं, मध्यरात्रीपर्यंत त्यानेच बाळाला खांद्यावर घेऊन येरझारा घातल्या होत्या. मे महिन्यात तोच म्हणाला होता, "ह्या सुट्टीत फिनलंडला जाऊ या, तिघं." आणि एब्बा, जी ऐकून दुखावेल असं इर्याला वाटलं होतं, तिने तर प्रवासासाठी लोकरीची टोपी विणायला घेतली. "जा गं," सुया न थांबवता एब्बा म्हणाली, "मी आहे तोवर जा. मी गेल्यावर गेलीस तर तुला उगाच वाटत राहील, मला आवडलं नसतं म्हणून." एब्बा अशीच. कुणाचं मन अडकेल असा काटा ती आधीच वाकवून ठेवायची.

स्वयंपाकघरात वेइक्को कॉफी पीत बसला होता. थोरला भाऊ. तीन वर्षं गोटेनबर्गच्या गोदीत जहाजं रंगवून आलेला, आणि तेवढ्या भांडवलावर कालपासून दुभाष्या झालेला.

"ये, बस," तो म्हणाला. "माझं स्वीडिश गोदीतलं आहे हां, निम्म्या शिव्या. मध्येच एखादी निसटली तर आईचं बोलणं समजू नकोस."

हिल्याने वेलदोड्याचा गोड पाव कापून पुढे ठेवला. तिचे हात लाल होते, तळ्याच्या गार पाण्याने अजून लाल. ती काहीतरी बोलली.

"विचारतेय, पोरगी रात्री झोपू देते का?"

"नाही," इर्या म्हणाली.

वेइक्कोने सांगितलं. हिल्याने मान हलवली, आणि वाटीतली साखर इर्याकडे सरकवली.

"आईच्या मते त्यावर साखर हा उपाय आहे," वेइक्को म्हणाला. "मला विचारशील तर साखर, चॉकलेट, सायकल, सगळं तुलाच मिळालं आधी. आम्हांला इथे सलगम. सकाळी सलगम, रात्री सलगम. तुला खोकला होता म्हणून तुला पाठवलं ना? तू गेल्यावर मी रोज प्रार्थना करायचो, देवा, मलापण खोकला होऊ दे."

इर्या हसली. हसता हसताच तिला जाणवलं की हीच वेळ आहे, स्टेलान उठायच्या आत, बाळ रडायच्या आत. चव्वेचाळीसच्या हिवाळ्यात, रशियाशी लढाई चालू असताना, गावोगावची पोरं गाड्या भरभरून स्वीडनला पाठवली, तशी ती गेली. वडील आघाडीवरच मारले गेले. ते सगळं तिला ठाऊक होतं. एब्बाने कधी लपवलं नव्हतं. त्या प्रवासातली एक गोष्ट आठवायची – फलाटावर पाठमोरी होत गेलेली एक बाई, तिने वळून बघितलं नाही. बाकी चेहरा नाही, आवाज नाही. नुसती पाठ. आणि त्या पाठीला इर्या गेली पंचवीस वर्षं एकच प्रश्न विचारत आली होती, शाळेत, लग्नाच्या दिवशी, बाळंतपणाच्या कळा येत असताना.

"तिला विचार," ती म्हणाली, "लढाई संपली, बरीचशी पोरं परत आली. मला का नाही बोलावलं?"

वेइक्कोने कप खाली ठेवला. "हे मी विचारू?"

"मला येत असतं तर मीच विचारलं असतं."

त्याने विचारलं. मान खाली घालून, हळू आवाजात. हिल्या उभीच होती. तिने एप्रनला हात पुसले, कोरडेच होते तरी पुसले, आणि बोलायला लागली. फार वेळ नाही बोलली. मग चुलीकडे तोंड करून उभी राहिली.

इर्याने वेइक्कोकडे पाहिलं.

"काय म्हणाली?"

"मला हे माहीत नव्हतं," तो म्हणाला. "थांब जरा." नखाने टेबलाची चीर कोरत तो एकेक शब्द जुळवू लागला. "ती म्हणते... तू वर्षभर रात्रभर खोकायचीस. ती तुला मांडीवर उभी धरून बसायची, आडवं केलं की तुझा श्वास अडकायचा. दिवसा जनावरं, शेत, सगळं एकटीने. तुला गाडीत बसवून आली त्या रात्री ती झोपली. सकाळपर्यंत. गाईंनी हंबरून उठवलं तेव्हा उठली. आणि..." तो अडखळला. "आणि उठल्यावर तिला बरं वाटलं. अंगाला बरं वाटलं. म्हणते, पोर गेल्यावर जी अशी झोपू शकते, तिने पोर परत मागू नये. तिकडच्या बाईने तुला ठेवायची इच्छा कळवली तेव्हा ती हो म्हणाली. तिला वाटलं, ती बाई जागणारी असेल."

चुलीवर काहीतरी उकळत होतं. हिल्याची पाठ हलत नव्हती.

इर्या उठली. आतून उल्रिकाचं रडणं सुरू झालं होतं. तिने बाळाला उचललं, स्टेलानच्या अर्धवट उघड्या डोळ्यांपुढून बाहेर आली आणि तळ्याच्या दिशेने चालत सुटली.

झोपली? मी फलाटापासून रडत चालले होते आणि ही झोपली? राग यायला हवा होता, त्याची जागा तिने किती वर्षं झाडून पुसून तयार ठेवली होती, आणि आता तिथे राग येतच नव्हता, भलतंच काही येत होतं... फेब्रुवारीतली ती संध्याकाळ येत होती, जी तिने कुणाला सांगितली नव्हती. स्टेलान कामावरून यायचा होता. उल्रिका दुपारपासून किंचाळत होती, अंग ताठ करून, निळी पडून. इर्याने तिला पाळण्यात ठेवलं, दार लावलं, आणि सपाता घालून अंगणातल्या बर्फात जाऊन उभी राहिली. तेव्हा तिच्या मनात एक वाक्य आलं, स्पष्ट, शांत: कुणीही येऊन हिला घेऊन जावं. कुणीही. एका झोपेसाठी. स्टेलान आला तेव्हा ती म्हणाली, बर्फ बघायला आले होते. त्याने खरं मानलं. आणि तेव्हा लढाई नव्हती, उपासमार नव्हती, शेजारच्या गल्लीत एब्बा होती, हाक मारली की येणारी. तरी. कुणी खरोखर दारात येऊन हात पुढे केले असते तर... माझ्या दारात कुणी आलं नाही एवढाच तर फरक.

उल्रिका रडतच होती. काठावरच्या भूर्जांची पानं नुकती फुटलेली, चिकट, कोवळी. डास घोंघावत होते. मागे पावलं वाजली. हिल्या आली होती. जवळ येऊन ती थांबली, हातभर अंतर राखून, जणू पुढे यायला परवानगी लागते. तिने हात पुढे केले. नुसते. ओढून घेणारे नव्हेत.

इर्याने त्या हातांकडे पाहिलं, आणि बाळ देऊन टाकलं.

हिल्याने उल्रिकाला छातीशी उभं धरलं, सवयीने, पाठीवर तळवा फिरवत. मग हनुवटीने धान्याच्या जुन्या कोठीकडे खूण केली, जिथे उन्हाळ्यात झोपायला बाज टाकलेली असे, आणि म्हणाली, "नुकू."

झोप.

वेइक्को तिथे नव्हता. तो शब्द कुणी भाषांतर करून दिला नव्हता. इर्याला तो कळला, आणि कसा कळला हे विचारायचंही त्राण नव्हतं. पाय आपोआप कोठीकडे वळले. आत अंधार, लाकडाचा आणि जुन्या पिठाचा वास. तिने बूटही काढले नाहीत.

जाग आली तेव्हा फटीतून येणारं ऊन दुसऱ्या भिंतीवर गेलं होतं. पहिला विचार बाळाचा. ती धावत बाहेर आली. घर रिकामं. पाळणा म्हणून ठेवलेली टोपली रिकामी. टेबलावर तिच्यासाठी झाकून ठेवलेले शेपू घातलेले उकडलेले बटाटे. "उल्रिका!" ती ओरडली, जणू सात महिन्यांची पोर ओ देणार होती. तिने टोपलीतलं दुपटं उचलून पाहिलं... असंच असणार, दुसऱ्या दिवशी सकाळी, गाईंना चारा घालून झाल्यावर, रिकाम्या बिछान्यावरचं पांघरूण हिल्यानेही असंच उचलून पाहिलं असणार, झोप झाल्यानंतर, अंगाला बरं वाटून झाल्यानंतर... आणि तिला धावत जाऊन शोधायला जागाच नव्हती.

काठावरच्या सौनाच्या, म्हणजे वाफेच्या न्हाणीघराच्या, धुराड्यातून धूर निघत होता. पायरीवर हिल्या बसली होती, मांडीवर टॉवेलमध्ये गुंडाळलेलं, न्हाऊन लालबुंद झालेलं बाळ. उल्रिका एक मूठ चोखत होती आणि दुसरीने हिल्याची वेणी ओढत होती. स्टेलान आणि वेइक्को मासे धरायला गेले होते. बोट लांबवर, दुसऱ्या काठाच्या सावलीत ठिपक्याएवढी.

इर्याला बघून हिल्या घाईने उभी राहू लागली, बाळ परत द्यायला. इर्याने मान हलवली. "राहू दे," ती स्वीडिशमध्ये म्हणाली. हिल्या पुन्हा बसली.

नंतर दोघी आत गेल्या, बाळाला दाराशी, सावलीत, टोपलीत ठेवून, दार उघडं टाकून. वाफ बेताचीच होती. हिल्याने तिला खालच्या फळीवर बसवलं आणि पाठ धुतली. घासून, खरखरीत हाताने, मानेपासून कमरेपर्यंत, कानामागे सुद्धा, तीस वर्षांच्या, पोटावर बाळंतपणाच्या रेघा असलेल्या बाईला धुवावं तसं नव्हे, तर... इर्या मान खाली घालून बसली. डोळ्यांतून पाणी आलं ते वाफेच्या पाण्यात मिसळून गेलं, आणि ते दुःखाचं होतं असं तिला शपथेवर सांगता आलं नसतं. एब्बाने तिला असंच धुतलं होतं, नहाणीघरात, सुगंधी साबणाने, गाणी म्हणत. एका मुलीला दोघींनी धुतलं. किती जणींच्या नशिबी एवढं असतं?

पायरीवर बसून तिने उल्रिकाला पाजायला घेतलं. हिल्या शेजारी, ओल्या केसांनी, तळ्याकडे बघत. ऊन अजून पुष्कळ होतं.

फलाटावरची ती पाठ इर्याने आठवून पाहिली. ती तिथेच होती, वळली नव्हती. वळणारही नव्हती बहुधा. पण इतकी वर्षं तिच्याभोवती दुसरं काही उगवत नव्हतं, आणि आता मनात बारीकसारीक, बिनमहत्त्वाचे प्रश्न एकामागून एक येऊ लागले होते. मला मासे आवडायचे का? मी बोलायला कधी लागले? वेइक्कोला मारायचे का मी? मला कुठल्या नावाने हाक मारायचीस, इर्याच की आणखी काही? विचारणार कसं? दुभाष्या तळ्याच्या मधोमध बसला होता, गळ टाकून, बहुधा स्टेलानला शिव्या शिकवत.

बोट आत्ता आली तरी चालण्यासारखं होतं. अजून थोडा वेळ आली नाही, तरीही.