घुमटाखालचा आकडा

टक्.

खोलीत इतकी शांतता होती, की डब्याचे झाकण निघाल्याचा एवढासा आवाजही भिंतीवर आपटून माझ्यापर्यंत आला. माझ्या खोलीत खायला आणायची सक्त मनाई आहे. मला लगेच संशय आला.

पण थांबा मित्रांनो, आधी माझी ओळख ऐका. मी एक जुने यंत्र आहे. माणूस काहीही न करता नुसता पडून असला, तरी त्याचे शरीर आतल्या आत किती जळण जाळते, ते मी मोजतो. सिग्नलला उभी असलेली गाडीही पेट्रोल खातेच ना, तसेच हे. माणसाला पाठीवर आडवे करतात, डोक्यावर माझा पारदर्शक घुमट ठेवतात. आतला माणूस किती प्राणवायू घेतो आणि किती कार्बन डायऑक्साइड परत देतो, यावरून मी एक आकडा काढतो. वजन उतरवायचे तर ताटात किती असावे, व्यायाम किती झेपेल, हे त्या आकड्यावरून ठरते.

माणूस उपाशी हवा, निवांत हवा, जागा हवा, एवढ्याच माझ्या अटी. पण कोणी खाली चहा पिऊन येतो, कोणी जिने धावत चढून येतो, आणि विचारले की नजर चुकवत म्हणतो, "छे हो, काही नाही." अशाने माझा स्वभाव संशयी झाला, त्यात माझा काय दोष?

कारखान्यातून मी एका मोठ्या इस्पितळात गेलो होतो. तिथे डॉक्टर मंडळी माझ्याभोवती घोळका करून उभी राहत. पुढे मनगटावरची घड्याळेच असले आकडे सांगू लागली आणि माझ्यावर चादर पडली. धूळ खात असताना या आहारतज्ज्ञ ताईंनी मला घेतले आणि आपल्या घराच्या पुढच्या खोलीत मांडले. मागे लगेच त्यांचे स्वयंपाकघर आहे. ताई मला मऊ फडक्याने पुसतात. येणाऱ्या माणसांवर मात्र त्यांचा विश्वास माझ्याइतकाच, म्हणजे जवळजवळ नाहीच.

अशा खोलीत ती येऊ लागली. दोन लेकरांची आई. मोठी लेक बोट धरून सोबत, धाकटा घरी आजीपाशी. दुसऱ्या बाळंतपणानंतर वजन उतरले नव्हते आणि चार पायऱ्या चढल्या की गुडघे बोलायचे. "मुलांच्या मागे धावता आलं पाहिजे, ताई. बाकी काही नको," एवढेच तिचे मागणे.

तिचा आकडा कमी आला. पुढच्या वेळी आणखी कमी. ताईंनी आधी माझ्यावर संशय घेतला. दुरुस्तीवाल्याने माझी नळी फुंकून पाहिली, सगळे भाग तपासले आणि सांगितले, "यंत्र ठणठणीत आहे." मी सुटलो. साहजिकच संशय तिच्यावर गेला. ताईंनी तिच्या ताटातले आणखी कमी केले, तरी वजन हलेना.

"खरं सांग, घरी लपून काय खातेस?"

"काही नाही, ताई."

"मग वजनकाट्यानं काय माझ्याशी वैर धरलंय?"

ती बोटांशी चाळा करत राहिली. "दुपारी हात थरथरतात. मग हिच्या ताटात उरलेलं खाते. दोन घास."

"म्हणजे खातेस."

मित्रांनो, मलाही वाटले, सापडला चोर.

आज ती पुन्हा आली. ताईंनी घुमट ठेवला, "डोळे मीट, हलू नकोस," म्हणाल्या आणि नेहमीप्रमाणे दूध बघायला आत गेल्या. थोड्या वेळाने ते झाकण वाजले. टक्. ताई हातातला चमचा तसाच घेऊन बाहेर आल्या.

आई जागच्या जागी होती. टेबलाखाली लेक बसली होती, मांडीवर तिचा शाळेचा डबा. तोंडात बिस्कीट होते, पण ती ते चावत नव्हती, चोखत होती.

"इथे खायचं नाही म्हणून सांगितलं होतं ना?"

मुलीने ओठांवर बोट ठेवले. "हळू बोला ना. आई उठेल."

"उठेल? अगं, ती जागीच आहे."

"नाही. इथे आली की झोपते. मी दर वेळी गुपचूप बसते."

ताई वाकल्या. आईचे तोंड किंचित उघडे होते, श्वास लांब आणि संथ. मग त्यांनी माझ्या पडद्यावरची रेघ पाहिली. एरवी त्या शेवटचा आकडा तेवढा बघत. रेघ सुरुवातीला वर होती, मग घसरत गेली होती. झोपलेले शरीर जागेपणापेक्षा कमी जाळते. आकडा कमी, म्हणून ताटात कमी, म्हणून दुपारची थरथर आणि लेकीच्या ताटातले ते दोन घास. चोर कोणी नव्हताच.

ताईंनी घुमट उचलला. ती दचकून उठली. "झोपले नव्हते, ताई. नुसते डोळे मिटले होते."

"तोंड उघडं टाकून झोपली होतीस."

ती ओशाळून हसली. "धाकट्याचे दात येतायत. रात्रभर मांडीवर असतो. इथे कोणी हाक मारत नाही. पाठ टेकली की कळतच नाही."

"लक्ष मी ठेवायला हवं होतं," ताई म्हणाल्या. "आजपासून पोटभर खा. पुढच्या वेळी मी इथेच बसेन. डोळा लागला की हलवून उठवीन."

मित्रांनो, माझी नळी जपा, मला वेळच्या वेळी तपासून घ्या. यंत्राला तेवढे पुरते. पण आकड्याकडे बघायच्या आधी घुमटाखालचा चेहरा बघत जा. माझ्या आकड्यात तो उतरत नाही, तुम्हाला मात्र दिसतो.

मुलीने दोन्ही हातांनी दाबून, आवाज न करता झाकण लावले.

"दर वेळी उठवणार?"

"हो गं. नाहीतर मोजणं चुकतं."

तिने घुमटाकडे पाहिले, मग आईकडे.

"मग आईनं झोपायला कुठे यायचं?"

ताईंनी घुमट बाजूला ठेवून त्यावर माझे फडके टाकले आणि आईला पुन्हा पाठ टेकायची खूण केली.