झाकणावर बसलेले सर

मी एक जुनी बादली आहे, मित्रांनो. आधी माझ्यात भिंतीचा पांढरा रंग होता. तो संपल्यावर मला घासूनपुसून बेसबॉलच्या मैदानावर आणले आणि माझ्यात चाळीस बॉल भरले. मला वाटले, आता मजाच मजा! पण माझ्या झाकणावर सर बसले.

सर माणूस भला. कोणाला खरचटले तर स्वतः पट्टी लावतात. पण सरावाची त्यांची एकच रीत. एक बॉल बाहेर काढायचा, झाकण लावायचे, त्यावर बैठक मारायची आणि बारा मुलांची रांग लावायची. एकाने बॅट फिरवायची, अकरा जणांनी बुटाने माती उकरायची. एकोणचाळीस बॉल माझ्या पोटात आणि मुलांचे हात रिकामे! सांगणार कोणाला? माझ्या तोंडावरच सर बसलेले.

रांगेच्या टोकाला एक लहानगी असे. सगळे तिला शेपटी म्हणत. तिची पाळी येण्याआधीच तास संपायचा. एकदा मावशी घ्यायला आली तेव्हा ती म्हणाली, "मावशी, मी नाही येणार आता. मला बॉल मिळतच नाही."

"उद्या एकदा ये, मग बघू," मावशी म्हणाली.

दुसऱ्या दिवशी माझे झाकण मधोमध तडकले. सर धप्पकन आपटले, मी कलंडले आणि बॉल मैदानभर पांगले. मुले हसत धावली. एक फेकू लागला, समोरचा झेलू लागला. न सांगता जोड्या जमल्या. शेपटीने सतरा झेल घेतले, मी मोजले! इतका आनंद मला उभ्या जन्मात झाला नव्हता.

सर कपडे झटकत उठले. "पुरे झाला गोंधळ! बॉल भरा, रांग लावा!"

माझा नुसता जळफळाट झाला. बॉल परत आले, पण एकोणचाळीसच. चाळिसावा शेपटीच्या मुठीत होता.

"दे बघू इकडे," सर म्हणाले.

"नाही देणार. महिना झाला, सर, मी नुसती उभी आहे."

बसायला झाकण नव्हते, म्हणून सर उभेच होते. मग त्यांनी हात पुढे केले. "बरं, फेक."

तास संपेपर्यंत दोघे फेकत झेलत राहिले. जाताना ती मावशीला म्हणाली, "उद्या लवकर येऊ या." मी सुखावले, पण बाकीची अकरा मुले रांगेतच होती हो! काय म्हणावे सरांना?

आता माझ्यासाठी नवे, भक्कम झाकण येणार आहे म्हणे. मित्रांनो, हात जोडते, ते आणू नका. सरांना एक खुर्ची आणा.