अध्यक्षांची रॅकेट

मी रॅकेट बोलतेय. पोलीस ज्याचा पर्दाफाश करतात ते रॅकेट नव्हे हो, मी बॅडमिंटनची. आमच्या संस्थेत दुसऱ्या जातीचीही असतील, पण ती बोलत नसतात.

माझा जन्म जालंधरकडचा. कारखान्यात माझी जाळी विणून झाल्यावर एका बाईनं तिच्यावर बोटानं टिचकी मारली. 'टण्ण' असा आवाज आला तशी ती खूश होऊन हसली. मला वाटलं, आता जन्मभर हाच आवाज काढायचा. मग खोक्यात बसून, ट्रकचे हादरे खात मी तासगावजवळच्या एका हायस्कुलात उतरले. सोबत माझ्या बहिणी होत्या, आणि पांढऱ्या पिसांची फुलं. फुलं म्हणजे शटल; इकडं त्यांना फुलंच म्हणतात.

आमचं स्वागत जोरात झालं. नारळ फुटला, आमच्या कपाळी हळदीकुंकू लागलं. संस्थेचे अध्यक्ष सयाजीराव, ज्यांना सगळे आबासाहेब म्हणतात, त्यांनी मला ऊसतोडीचा कोयता धरावा तशी धरली आणि फोटो काढून घेतला. फोटो झाला आणि आमची रवानगी मुख्याध्यापकांच्या खोलीतल्या काचेच्या कपाटात झाली.

म्हणून शाळेत बॅडमिंटन शिकवत नव्हते असं समजू नका. चांगलं शिकवत होते. फळ्यावर. "स्मॅश म्हणजे काय? लिहून घ्या. प्रतिस्पर्ध्याच्या अंगणात वरून खाली वेगाने मारलेल्या फटक्यास स्मॅश असे म्हणतात." पोरांनी लिहून घेतलं, घोकलं, परीक्षेत पैकीच्या पैकी गुण मिळवले. फुलाला मात्र एकानंही हात लावला नव्हता. तेवढा तासही क्वचितच मिळायचा, कारण खेळाचा तास ही गणिताची धर्मशाळा होती. गणितवाले सर कधीही यायचे आणि पथारी पसरायचे.

वर्षातून एकदा मात्र मला बाहेर काढत. क्रीडा महोत्सवात आबासाहेबांचा प्रदर्शनीय सामना असे. समोर एखादा शिक्षक. शिक्षकानं हरायचं, हे सांगावं लागत नसे. एका सरांनी तर इतकं देखणं हरून दाखवलं, की पुढच्या जूनमध्ये ते पर्यवेक्षक झाले.

अशात सांगलीच्या विश्रामबागेतून प्रियदर्शनी मॅडम आल्या. शारीरिक शिक्षणाच्या शिक्षिका, नेमणूक तासिका तत्त्वावर. म्हणजे घेतले तेवढे तास आपले, आणि पुढच्या वर्षी कोण, हे अध्यक्षांच्या सहीवर. कॉलेजात असताना त्या खरोखरचं बॅडमिंटन खेळल्या होत्या. आल्या आल्या त्यांनी मुख्याध्यापक तानाजी सरांकडं कपाटाची किल्ली मागितली.

"अहो मॅडम, पोरं मोडून ठेवतील."

"मोडू देत की सर. मोडल्या तर खेळल्या असं तरी म्हणता येईल."

सरांना हा विचार नवीन होता. ते तो समजून घेत होते तेवढ्यात मॅडमनी किल्ली उचलली.

मग मी पहिल्यांदा खरी शाळा पाहिली. मॅडमनी हॉलमध्ये फक्कीनं रेघा मारल्या, जाळं बांधलं. व्याख्या एकही सांगितली नाही. "चिंचा पाडायला दगड कसा मारता? खांदा मागं, कोपर वर, आणि सोडा! बस्स, तोच क्लिअर. फूल पार मागच्या रेघेपर्यंत गेलं पाहिजे." पोरं हसली, पण फुलं मागच्या रेघेपर्यंत जाऊ लागली. मग ड्रॉप शिकवला: "मारायचा आव स्मॅशचा आणायचा, आणि शेवटी फूल नुसतं जाळ्यापलीकडं ठेवायचं. चहाचा कप ठेवल्यागत." आणि डावपेच? "ताकद नको. समोरचा जिथं नाही, तिथं मारा. मागं धाडा, पुढं बोलवा, परत मागं धाडा."

हे सगळ्यात आधी कळलं ते नववीतल्या पल्लवीला. तिचे आईबाप जत भागातले. मेंढरं घेऊन वर्षातले कितीतरी महिने फिरतीवर. ती गावात तानुबाई आत्याकडं राहून शिकत होती. ती मॅडमना म्हणाली, "मॅडम, मेंढरू पळतंय तिकडं पळून काय उपेग न्हाई. ते जिकडं जाणार हाय, तिकडं आपुन आधी हुबं ऱ्हायाचं. ह्यात बी तसंच हाय की!"

तिच्या हातात गेले की माझ्या जाळीतून तोच 'टण्ण' निघायचा. ते माझे सुखाचे दिवस.

जानेवारी उजाडला. तानाजी सर हॉलमध्ये आले आणि घसा खाकरून म्हणाले, "मॅडम, यंदा आबासाहेबांपुढं एखादी मुलगी खेळवू. पेपरात छान दिसतं. ती तुमची पल्लवी घ्या."

"चालेल सर. ती फार चांगली खेळते."

"तोच तर घोळ आहे ना. तिला हरायचं शिकवा." मग आवाज खाली आणून म्हणाले, "जूनमध्ये तुमची नेमणूक व्हायचीय. मी काही म्हणत नाही."

मॅडमच्या घरी अंथरुणाला खिळलेले वडील होते. तिसऱ्या दिवशी त्यांनी पल्लवीला बाजूला घेतलं आणि सांगितलं.

"म्हंजी मुद्दाम हरायचं?"

"हो."

"ते कसं हरायचं, ते शिकवा की मग."

मॅडमना तिच्याकडं बघवेना. माझ्या मुठीवरची पट्टी नीट करत त्या म्हणाल्या, "त्यांच्या रॅकेटवर फूल द्यायचं. झालं."

महोत्सवाचा दिवस आला. मंडप, हारतुरे, लाऊडस्पीकर. आबासाहेब पांढऱ्या बुटांत अवतरले. मी त्यांच्या हातात. त्यांच्या अंगठ्या मुठीत रुतत होत्या. पंच तानाजी सर. एकच डाव, अकराचा.

पल्लवीनं अगदी सांगितल्याप्रमाणं केलं. फूल अलगद, नेमकं माझ्यावर आणून सोडलं. आबासाहेबांनी मला जीव खाऊन फिरवलं. मी फुलाच्या खालून गेले. पुन्हा दिलं. या वेळी मी फुलाच्या वरून गेले. गुण पल्लवीला. बिचारी घाबरली. तिनं सर्व्हिस मुद्दाम जाळ्यात मारली, गुण आबासाहेबांना. मग आबासाहेबांनी आपली सर्व्हिस मंडपाच्या झालरीत मारली, गुण पल्लवीला. पोरगी हरायसाठी जिवाचं रान करत होती, आणि गडी काही केल्या जिंकायला तयार नव्हता!

आधी पाचवीची पोरं फिसकन हसली. मग मागची रांग. मग शिक्षकांनी रुमाल तोंडाला लावले.

पल्लवी रडवेली होऊन कडेला बघत म्हणाली, "मॅडम, आता काय करू? लागतच न्हाई वं त्यास्नी!"

हे जरा मोठ्यानं झालं. सगळा मंडप खदखदला. आबासाहेब लालबुंद झाले.

"ए पोरी! माझी चेष्टा लावलीया व्हय? नीट खेळ की!"

पल्लवीनं पुन्हा मॅडमकडं पाहिलं. तानाजी सर खुर्चीवरून मान हलवत होते, नको, नको. मॅडमच्या चेहऱ्यावरून मला दिसत होतं की त्या एकाच वेळी जून महिना, घरचे वडील आणि ही पोरगी बघताहेत. मग त्या उभ्या राहिल्या.

"पल्लवी, आबासाहेब म्हणतायत ना? खेळ. आपला तास चालू आहे असं समज."

मग काय विचारता! क्लिअर, फूल मागच्या रेघेवर. आबासाहेब धापा टाकत मागं. ड्रॉप, चहाचा कप ठेवल्यागत. आबासाहेब पुढं. पुन्हा मागं. पुन्हा पुढं. पांढरे बूट करकरत होते, धोतराचा सोगा सुटला होता, आणि पोरं आता हसत नव्हती, श्वास रोखून बघत होती. शेवटचं फूल जाळ्याला घासून पलीकडं पडलं. आबासाहेबांनी मला उगारलं आणि खांबावर हाणलं.

माझी मान मोडली.

तानाजी सरांनी माईक घेतला. "रॅकेट तुटल्यामुळे, तांत्रिक कारणावरून, आबासाहेब विजयी!" टाळ्या कुणी वाजवल्या नाहीत, बँडवाल्यांनी वाजवलं. पेपरात फोटो छापून आला: 'अध्यक्षांची तरुणाईशी झुंज.'

जूनमध्ये नेमणुकांत मॅडमचं नाव नव्हतं. निघताना त्यांनी मला भंगारातून उचललं.

आता आम्ही तासगावच्या वाटेवर एका बेदाण्याच्या शेडमध्ये असतो. हंगाम सरला की बागायतदार ती मॅडमना वापरू देतात. आसपासच्या गावांतली पोरं सायकलींवरून येतात, मॅडमच्या हाताला काम आहे, घर चाललंय. मला डोकं नाही, पण मूठ शाबूत आहे.

गेल्या महिन्यात पल्लवी विश्रामबागेत स्पर्धा खेळायला गेली होती. पहिल्याच फेरीत बाहेर. एसटीतून उतरून ती थेट शेडवर आली.

"मॅडम, लय धुतलं मला! त्या पोरीनं पार इकडून तिकडं नाचवलं."

"रडलीस?"

"रडले की! एसटीत सगळी बघत हुती." तिचे डोळे सुजले होते आणि ती हसत होती. "पर मॅडम, खरंच हरले. कुणी सांगितलं न्हवतं."

मॅडमनी पाठ फिरवली आणि जाळ्याची गाठ बांधायला घेतली. गाठ घट्टच होती. तरी बराच वेळ बांधत राहिल्या. मग म्हणाल्या, "कुठल्या कोपऱ्यात मारत होती ती? चल, तिथंच फुलं टाकते."

तर मंडळी, गप्पा पुरे. दाराशी एक नवी पोरगी उभी आहे, मूठ कशी धरायची हे तिला ठाऊक नाही. हात पुढं केलाय तिनं. रजा द्या, मला काम आहे.