‘पट्टा दाब, नॉर्ब!’

मी एक जुनी गाडी आहे. निळा रंग, भलंमोठं इंजिन आणि नाकापासून शेपटीपर्यंत अंगावरून गेलेला एक पांढरा पट्टा. मित्रांनो, लोक थांबून माझ्याकडे बघतात ते या पट्ट्यामुळेच. तुम्हीही आधी तोच पाहिला असता, म्हणून त्याच्यापासूनच सुरुवात करते.

१९७० सालच्या वसंतात मिशिगनमधल्या एका कारखान्यात माझा जन्म झाला. तेव्हा आमच्यासारख्या गाड्यांचं नुसतं पेव फुटलं होतं. अंग बेताचं आणि इंजिन मात्र मालमोटारीला शोभेल असं. सरळ रस्त्यावर आम्ही वाऱ्याशी बोलायचो; वळायची किंवा थांबायची वेळ आली की मात्र आमची भंबेरी उडायची. हौशी माणसं दुकानात बसून फॉर्म भरत आणि हवी तशी गाडी बनवून घेत. इंजिन कोणतं, रंग कोणता, रेडिओ हवा का, प्रत्येकासाठी वेगळा रकाना. पुढच्या चाकांच्या डिस्क ब्रेकसाठी, म्हणजे चाकातली चकती घट्ट धरून गाडी नीट थांबवणाऱ्या ब्रेकसाठीसुद्धा एक रकाना होता. तिथे खूण केली नाही, तर चारही चाकांना साधे ड्रमचे ब्रेक बसत.

माझा फॉर्म क्लेम गोर्स्कीनं भरला. तो एकवीस वर्षांचा होता आणि मामाच्या सॉसेजच्या दुकानात कामाला होता. शेजारच्या खुर्चीत धाकटा भाऊ नॉर्बर्ट बसला होता, पंधरा वर्षांचा. मोठ्या इंजिनावर खूण केल्यावर क्लेमला पट्टा आणि ब्रेक यांतलं एकच काहीतरी परवडणार होतं. पुढे दोघा भावांच्या तोंडून मी हा किस्सा इतक्यांदा ऐकला की मला तो पाठ झाला. नॉर्ब म्हणाला होता, “ब्रेक कोणाला दिसतात रे? पट्टा अख्ख्या गावाला दिसेल!”

क्लेमनं हसत पट्ट्यावर खूण केली आणि ब्रेकचा रकाना रिकामा राहिला.

तो उन्हाळा माझ्या आयुष्यातला सगळ्यांत सुखाचा काळ होता. रविवारी चर्च सुटलं की पोरं माझ्याभोवती गोळा होत. क्लेम मला स्वतःच्या हातांनी धुवायचा आणि दुसऱ्या कोणाला फडकंही लावू द्यायचा नाही. उतारावर माझे ब्रेक तापले की पकड सुटायची आणि थांबता थांबता मी चौकाच्या पार मध्यावर जायची. मग क्लेम ओरडायचा, “नॉर्ब, पट्टा दाब! पट्टा दाब!” नॉर्ब दोन्ही पाय खालच्या पत्र्यावर आपटायचा आणि दोघं पोट धरून हसायचे. मीही त्या हसण्यात होते. तेव्हा मला ते गमतीचंच वाटत होतं.

ऑगस्टमध्ये त्यांच्या मावसबहिणीचं लग्न होतं. संध्याकाळी दोघं परत निघाले. क्लेम दिवसभर पोल्का नाचला होता, पण मला चालवायची म्हणून बिअरच्या थेंबालाही शिवला नव्हता. सरोवराकडे उतरणारा रस्ता लांब आहे आणि खाली अरुंद पूल आहे. अर्ध्या उतारावरच माझे ब्रेक तापून गेले. पुलावर ओंडके भरलेला ट्रक चढत होता. क्लेमनं पेडल दाबलं, पुन्हा दाबलं, आणि मी थांबू शकले नाही. “नॉर्ब, पट्टा दाब!” तो म्हणाला. या वेळी तो हसत नव्हता. मग त्यानं चाक असं फिरवलं की पुलाचा दगडी खांब त्याच्या स्वतःच्या बाजूला आला.

नॉर्बचा डावा पाय मोडला. क्लेम जागीच गेला.

मित्रांनो, त्यानंतरची माझी कहाणी तुम्हाला कदाचित सुखाची वाटेल. मला भंगारातून कोणीतरी उचललं, ठोकून सरळ केलं, पुन्हा निळा रंग दिला, पुन्हा पट्टा ओढला. मी चार मालकांच्या हाती फिरले. शेवटच्यानं मला प्रदर्शनात मांडलं. लोक वाकून इंजिनावरचा आकडा वाचायचे आणि “अस्सल आहे हो!” म्हणत मान डोलवायचे. वर्षातले तीन दिवस कौतुक, उरलेले दिवस गोठ्यासारख्या अंधाऱ्या जागेत ताडपत्रीखाली. ड्रमचे ब्रेकही अस्सल म्हणून तसेच ठेवले होते. माझ्या हातून काय घडलं आहे, हे कोणालाच माहीत नव्हतं.

या एप्रिलमध्ये एक म्हातारा मला विकत घ्यायला आला. डाव्या पायानं जरा लंगडत होता. त्यानं इंजिन उघडायला सांगितलं नाही. खिशातून एक जुनी चिठ्ठी काढून त्यानं काचेखालच्या पट्टीवरचा माझा नंबर ताडून पाहिला आणि मग उजवीकडचं दार उघडून तो चालकाच्या शेजारच्या जागेवर जाऊन बसला. दोन्ही पाय पत्र्यावर टेकले. मी त्याला तेव्हाच ओळखलं. नॉर्ब होता तो, सत्तरीला टेकलेला.

“सापडलीस,” तो हळूच म्हणाला.

हा माझा सूड घ्यायला आलाय, असंच मला वाटलं, आणि त्यात त्याची चूक आहे असंही मी म्हणू शकत नव्हते.

दुसऱ्या दिवशी त्यानं मला लेस्टरच्या गॅरेजात नेलं. लेस्टर त्याचा जुना दोस्त. नॉर्बनं चाळीस वर्षं बेकरीची गाडी चालवली होती, आणि तीही इतकी सावकाश की लेस्टर त्याला ‘शिळा पाव’ म्हणायचा.

“हिची शर्यतीच्या ट्रॅकवर पळवायची गाडी करायचीय,” नॉर्ब म्हणाला. “आतलं सगळं काढ.”

“तू? ट्रॅकवर?” लेस्टर खो खो हसला. “अरे शिळ्या पावा, तुला ओलांडून सायकली जातात!”

“मी यादी आणलीय.”

लेस्टरनं यादी वाचली. नवे टायर, नवी स्प्रिंगं, इंजिनाची दुरुस्ती, ट्रॅकच्या नियमाप्रमाणे आत बसवायचा लोखंडी नळ्यांचा पिंजरा. वाचता वाचता त्याचं हसू मावळलं. “ब्रेक राहिले लिहायचे.”

“आहेत तेच राहू देत.”

“नॉर्ब, हे ड्रमचे आहेत. तिसऱ्या फेरीला तापून मरतील.”

“मला माहीत आहे ते किती वेळात मरतात.”

लेस्टरनं यादीची घडी घालून ती खिशात टाकली. पण त्या क्षणी माझ्या लक्षात आलं की या माणसाला माझा जीव घ्यायचा नव्हता. त्याला स्वतःचाच द्यायचा होता, आणि तोही माझ्याच हातून, दुसऱ्यांदा.

मित्रांनो, गाडीला ओरडता येत नाही. काम सुरू झालं. माझ्या गाद्या गेल्या, गालिचा गेला, रेडिओ गेला, हीटर गेला. अंगात ठिणग्या उडवत पिंजरा बसला. रोज मी हलकी होत होते, म्हणजे रोज जास्त वेगवान होत होते, आणि थांबायची ताकद मात्र तेवढीच, सत्तर सालची. मी जमेल ते केलं. बोल्ट गंजून धरून ठेवले, सुरू व्हायला नकार दिला. लेस्टर शिव्या देत सगळं सोडवत गेला.

मागची गादी निघाली तेव्हा तिच्या स्प्रिंगांत एक पिवळा पडलेला कागद सापडला. कारखान्यातले लोक गाडी जोडताना फॉर्मवरच्या खुणा उतरवलेला हा बांधणीचा कागद हाताशी ठेवत आणि काम संपलं की कुठेतरी खोचून देत. शौकीन लोक त्यासाठी जीव टाकतात. लेस्टर तर नाचायलाच लागला. नॉर्बनं चष्मा लावून तो वाचला आणि मटकन बादलीवर बसला.

तेवढ्यात त्याची थोरली बहीण बर्नाडेट आली. हातात पिरोगींचा, म्हणजे बटाटा भरून उकडलेल्या करंज्यांचा डबा आणि तोंडाचा पट्टा आधीच सुरू. “तीन दिवस फोन उचलत नाहीस. म्हटलं, म्हातारा या खटाऱ्याखाली चिरडला की काय! या वयात असली थेरं… काय झालं रे? असा का बसलास?”

नॉर्बनं कागद तिच्यापुढे धरला. “बर्नी, ही क्लेमची गाडी आहे.”

डबा तिनं हळूच माझ्या टपावर ठेवला.

“इथे बघ. पट्टा आहे. आणि इथे, ब्रेकच्या रकान्यात काही नाही. मला वाटायचं, कदाचित मला चुकीचं आठवत असेल. नाही चुकलेलं. पट्टा घे म्हणून मी सांगितलं होतं त्याला. तो ब्रेक घेणार होता.”

“त्या दिवशी तो प्यायला होता,” बर्नाडेट म्हणाली. “सगळे तसंच म्हणत होते.”

“थेंबही नव्हता प्यायला.”

“आई मरेपर्यंत त्याच्यावर चिडलेली होती, नॉर्ब! त्याच्या वाढदिवसाला मेणबत्ती लावायची आणि वर त्यालाच दारुडा म्हणून रडायची. आणि तू तिथेच टेबलाशी बसून सूप पीत होतास?”

“हो.”

“चोपन्न वर्षं?”

“हो, बर्नी.”

ती पाठ फिरवून निघून गेली. नॉर्ब तसाच बसून राहिला. लेस्टरनं एक पिरोगी त्याच्या हातात दिली. ती त्याच्या हातातच गार झाली. त्या दिवसासारखी हताश मी पुलावरच्या खांबापाशीही झाले नव्हते. तिथे निदान सगळं एका क्षणात संपलं होतं.

आठ दिवस नॉर्ब आणि लेस्टर माझं उरलेलं काम उरकत राहिले. नवव्या दिवशी बर्नाडेट आली. डोळे सुजलेले होते, केस मात्र नीट बांधलेले. तिनं आधी लेस्टरला गाठलं.

“काय काय राहिलंय हिचं?”

“सगळं झालंय,” लेस्टर खाली बघत म्हणाला. “ब्रेक तेवढे तो घालू देत नाही.”

बर्नाडेट भावाकडे वळली. तिला सगळं समजलं.

“हरामखोरा,” ती म्हणाली आणि तिचा आवाज फाटला. “एक भाऊ गेला माझा. दुसऱ्याचंही शवपेटीतलं तोंड बघायला लावणार होतास मला?”

“बर्नी, मला आता नाही गं सोसत.”

“नको सोसू. मीही नाही सोसणार. कबरीवर जाऊन सगळ्यांची माफी मागायचीय तुला. आईची, क्लेमची. मी येईन बरोबर. आज तुला माफ केलंय असं समजू नकोस, अजून बराच वेळ लागेल मला. तेवढा वेळ तुला जगावं लागेल.” तिनं पर्समधून पेन काढलं. “कागद कुठाय तो?”

लेस्टर किंचाळला, “अहो, पेन नको! अस्सल कागद आहे!”

“गप्प बसा तुम्ही.” तिनं कागद माझ्या नाकावर पसरला, पट्ट्याच्या अगदी वर, आणि ब्रेकच्या रिकाम्या रकान्यात ठसठशीत खूण केली. इतकी दाबून की कागद फाटला. “या वेळी मी निवडते. सांग लेस्टरला काय घालायचं ते.”

नॉर्बनं त्या फाटलेल्या खुणेवर बोट ठेवलं. तो म्हणाला, “डिस्क. चारही चाकांना.”

“आणि पट्टा? खरवडून टाकू?” लेस्टरनं विचारलं.

“राहू दे,” बर्नाडेट म्हणाली. “क्लेमला आवडायचा.”

सप्टेंबरच्या एका सकाळी मी ट्रॅकवर उतरले. चालकाची एकच खुर्ची, अंगभर लोखंडी नळ्या आणि चारही चाकांत कोऱ्या चकत्या. नॉर्बनं हेल्मेट चढवलं. बर्नाडेट कठड्यापाशी उभी होती, दोन्ही मुठी तोंडावर दाबून. मला अजूनही धीर नव्हता. ब्रेक बसवले म्हणून पाय ते दाबेलच असं थोडंच आहे?

पहिल्या तीन फेऱ्या त्यानं पावाची गाडी चालवावी तशा मारल्या. चौथ्या फेरीला सरळ रस्ता लागला आणि त्यानं पाय तळापर्यंत नेला. कित्येक वर्षांनी मी पुन्हा वाऱ्याशी बोलत होते आणि भीतीनं माझा जीव जात होता. पुढे वळण होतं आणि वळणामागे भिंत. ब्रेक कधी दाबायचा हे कळावं म्हणून कडेला आकड्यांचे फलक लावलेले असतात. तीनचा फलक गेला. नॉर्बचा पाय हलला नाही. दोनचा गेला. भिंत वाढत होती. दाब रे बाबा, दाब, मी मनात टाहो फोडत होते. आणि एकचा फलक आला तेव्हा हेल्मेटच्या आतून तो पोरासारखा ओरडला, “पट्टा दाब, क्लेम!” आणि दोन्ही पाय ब्रेकवर आपटले.

मी थांबले. मित्रांनो, मी थांबले! चारही चाकांनी रस्ता गच्च धरला, भिंत होती तिथेच राहिली, आणि मी हळूहळू वळणावरून पुढे निघाले. असं थांबायला मला चोपन्न वर्षं लागली.

गाड्या उभ्या करायच्या जागी आल्यावर नॉर्बनं इंजिन बंद केलं, पण ब्रेकवरचा पाय काढला नाही. हुंदक्यांनी त्याचं सगळं अंग हलत होतं. लेस्टर धावत आला. “पाय काढ! गरम ब्रेक दाबून धरू नये, चकत्यांवर डाग पडतो!”

“पडू दे,” नॉर्ब म्हणाला.

बर्नाडेटनं खिडकीतून हात घालून त्याचं हेल्मेट काढलं आणि त्याचं डोकं आपल्या पोटाशी धरलं. मी पूर्ण गार होईपर्यंत त्याचा पाय तिथेच होता.

आता दर महिन्याला आम्ही ट्रॅकवर जातो. त्याआधी ते दोघं कबरस्तानात जातात. लोक अजूनही पट्टाच बघतात, आणि मुलांना तो आवडतो याचं मला वाईट वाटत नाही. पण तुम्ही कधी एखाद्या गाडीजवळ उभे राहिलात, तर जरा वाकून चाकाच्या आतही बघत जा. आणि तुमच्या घरात कोणी वर्षानुवर्षं गप्प बसून सूप पीत असेल, तर त्याला विचारत जा.

त्या दिवशीचा डाग माझ्या चकतीवर खरंच पडला आहे. ब्रेक दाबला की पुढचं डावं चाक थोडं थरथरतं. लेस्टर म्हणतो, चकती बदलून टाकू. मित्रांनो, तुमची आणि त्याची कधी गाठ पडली, तर माझ्यासाठी एवढं सांगा: चकती चांगली आहे, थांबवते नीट. इतक्यात बदलू नकोस.